झूल आमची, बैल तात्यांचे

आमच्या घराण्यात स्वतःचे बैल ओळखता न येणारा पहिला पुरुष मी.

गाव निफाडकडचं, कांद्या-द्राक्षांचं. मी नोकरीला सातपूरच्या कारखान्यात. घरी ट्रॅक्टर असूनही वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, एक म्हातारी बैलजोडी ठेवली होती, ती फक्त पोळ्यासाठी! वेशीच्या तोरणाखालून पहिली जोडी आमची जाते. हा मान पणजोबांपासूनचा. एक वर्ष जरी आमची जोडी चुकली, तरी मान शेजारच्या तात्यांकडे जायचा, असा गावचा नियम.

गेल्या पोळ्याला नेमकं आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. काळा चष्मा लावून ते ओट्यावर बसले आणि म्हणाले, "यंदा नदीवर तू ने. लय जपून. मान गेला तर मी वेशीत तोंड दाखवनार नाय."

मी गेलो. बैल धुतले, काठावर चरायला सोडले आणि बाभळीखाली टेकलो. (तिथंच चुकलं.) पाणी संथ, वारा मंद, लांबून घंटांची किणकिण. डोळा लागला. पणजोबा पागोटं सावरत वेशीतून चाललेत, मागे आप्पा, त्यांच्यामागे मी आणि सगळं गाव फक्त माझ्याकडेच बघतंय! स्वप्न इतकं गोड की उठवेना. जाग आली तेव्हा ऊन कललं होतं आणि समोर पांढरी जोडी उभी होती. धरली दावी, आलो घरी.

बायको नाशिक रोडला वाढलेली. तरी तिलाच शंका आली.

"अहो, हे जरा तरुण दिसत नाहीत?"

"आंघोळ केली की माणूससुद्धा तरुण दिसतो!"

आप्पांनी हातानं चाचपलं. "शिंगं आखूड लागत्यात रे."

"घासून काढलीत, आप्पा!"

शिंगं रंगवली, बाशिंगं बांधली, पणजोबांच्या वेळची झूल चढवली. हलगी कडाडली आणि आमची जोडी पहिली तोरणाखालून गेली! आप्पा चष्म्याखालून डोळे पुसत होते. (डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली.) माझाही ऊर भरून आला.

इथून जोडी मारुतीकडे वळायची. ती उजवीकडे वळली आणि मला फरफटत थेट तात्यांच्या अंगणात शिरली! तेवढ्यात नदीकडून तात्या धापा टाकत आले. त्यांच्या हातात आमच्या म्हाताऱ्या बैलांची दावी, बैल तसेच बिनसजवलेले.

"आरं, मी घरी तंबाखू आनाया काय गेलो, माझी जोडीच नेली कुनी!"

हलगी थांबली. आप्पांनी चष्मा काढला.

"तात्या, बैल तुझे," ते हळूच म्हणाले, "तवा मान बी तुझा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तात्यांनी अंगणातल्या बैलांकडे पाहिलं, मग आप्पांकडे. "झूल तुमची हाय ना, आप्पा? मग मान तुमचाच. माझ्या बैलांनी नुसती ती वाहून आनली." एवढं बोलून त्यांनी स्वतःच आमचे म्हातारे बैल तोरणाखालून नेले. हलगी पुन्हा सुरू झाली.

यंदा नदीवर निघताना आप्पांनी गेरूचा भलामोठा ठिपका काढला, तो माझ्या कपाळावर.

"झोपशील तिथं, आन् आपला समजून नेईल कुनी."

ओट्यावरून तात्या हसले. "बिनघोर ऱ्हा, आप्पा. ह्याला कोन नेतंय!"

तात्यांचं खरं ठरलं. बैल वेळेवर आपापल्या घरी पोचले. संध्याकाळी बाभळीखाली उरलो होतो तो मी एकटाच!