पाच वेळा दाबलेलं बटन

हसाल तर हसा, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. माह्यासारखा येडेपणा तुमी कोणी केला नसन!

आमी मरोद्याले, कारखान्याच्या कॉलनीत राहतो. बाजूच्या क्वार्टरमधे रामटेके, माह्याच शिफ्टचा. एक दिवस तो पावर हाउसजवळ स्कूटीवरून पडला, हात मोडला. त्यानं फोनचं बटन पाच वेळा दाबलं अन् बायको, पोरगी, भाऊ, सगळ्यायले आपोआप मेसेज गेला. कुठं पडला तेबी त्यात! दहा मिनिटात अर्धी कॉलनी तिथं हजर!

मंग काय विचारता! गळ्यात हात अडकवून तो अंगणात बसे अन् लोकं ऐकायले येत. एका मोडक्या हाताचं इतकं कौतुक? माही बायको सुनंदाबी म्हणे, "रामटेके भाऊजी पाहा किती हुशार! तुमाले तर अलार्म लावता येत नाही."

लागली ना मले मिरची!

त्याच संध्याकाळी भाचीकडून माह्या फोनमधे तेच पाच वेळा दाबायचं एसओएस चालू करून घेतलं. नावं टाकली: सुनंदा, दुर्गचा साळा राजू, माहा भाऊ. अन् चौथं? रामटेके! कावून? त्याले समजलं पायजे ना, आमच्याजवळबी आहे म्हणून!

मंग चेकिंग सुरू. पह्यल्या दिवशी बटन दाबलं तर सुनंदा चप्पल न घालता धावत आली. मी आरशासमोर दाढी करून राहिलो होतो. राजू तर दुर्गवरून गाडी पळवत आला! मले इतकं बरं वाटलं! दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबलं. मंग आठवडाभर हेच.

"अहो, जीव घेता का आमचा?" सुनंदा ओरडली.

"मशीनचा भरोसा पायजे ना!"

अन् मंग मी खरंच पडलो. भर दुपारी, दुर्गवरून येताना गिट्टीवर गाडी घसरली. पाय गाडीखाली. रस्त्यावर कुत्रंबी नाही. फोनची काच फुटली, बोट चालेना, पण बटन चाललं. पाच वेळा दाबलं. मेसेज गेला. फोननं आपलं काम चोख केलं!

फुटक्या काचेवर उत्तरंबी दिसली. राजू: "जीजाजी, मेसेज बढ़िया आ रहा है." भावानं नुसता अंगठा. सुनंदा: "झालं चेक? येताना दही आणजा."

तवा मले खरं भेव वाटलं. ओरडलो, पण ऐकायले कोण आहे?

वीस मिनिटानं एक ऑटो थांबला. उतरलं कोण? रामटेके! हात तसाच गळ्यात.

"मेश्राम भाऊ, खरंच पडले का?"

"तुमाले कसं समजलं, आज खरं आहे म्हणून?"

"मले कुठं समजलं! मी तर दर वेळेस निंगतो. परवा चौकातल्या टपरीवर आलो, तुमी समोसा खाऊन राहिले होते. मंग वापस गेलो."

मी त्याचा चांगला हात धरला अन् ऑटोत चढलो.

आता माह्या पायाले प्लास्टर आहे. कॉलनी रोज भेटायले येते. मले दोन मिनिटं पाहते अन् रामटेकेच्या अंगणात जाऊन बसते! "एका हातानं मेश्रामले ऑटोत टाकलं म्हणे!" सुनंदा सगळ्यायचा चहा तिकडंच नेते.

अन् खरं सांगू? माणसानं माहा जीव वाचवला, तरी मी खाटेवर पडल्या पडल्या जळून राहिलो. पडलो मी, अन् नाव त्याचं!