अंगठ्याआडचा दिवा

चिलीच्या आकाशात कुणाला काही विचित्र दिसलं, की छडा लावायला सरकारी कचेरीतून एलिसेओ बार्रासाला धाडत. उभी हयात त्याने त्यात घालवली. लोक उडत्या तबकड्या सांगत आणि हा शेवटी विमान, फुगा नाहीतर तारा काढून दाखवी. बायको म्हणे, "लोकांच्या आनंदावर विरजण टाकायचा पगार मिळतो तुला."

एकदा दक्षिणेच्या कोळीवाड्यातून बोलावणं आलं. तिथल्या ओर्फेलिनाबाईंचा मुलगा निबाल्दो होडीसकट बुडाला होता आणि त्याचं प्रेतही मिळालं नव्हतं. तो बुडाला त्याच जागी रोज संध्याकाळी एक दिवा समुद्रात उतरतो, असं बाई सांगत. किनाऱ्यावर त्यांनी पोराच्या नावाचं इवलंसं देऊळ उभारलं होतं आणि गावकरी तिथे मेणबत्त्या लावू लागले होते.

दिवा दिसताच एलिसेओने नेहमीची रीत सांगितली. "हात लांब करा आणि अंगठ्याआड झाकतो का बघा. त्यावरून आकार कळतो."

"पोटच्या पोराला झाकू होय?" बाई म्हणाल्या. "तुम्हीच झाका."

त्याने झाकला, दिशा पाहिली, वेळ पाहिली. खोटं बोलायची सवय नव्हती मेल्याला. "बाई, हा शुक्र आहे. थोड्या दिवसांनी दिसेनासा होईल."

 बाईंनी एक डोळा मिटला आणि हात लांब करून अंगठा धरला.

"खरंच की," त्या म्हणाल्या. "सगळा झाकला जातो."

दिवा बुडेपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.