उपरण्याखालचा ट्रॅक्टर

वडील जाऊन चार महिने झाले आणि त्यांचा जुना ट्रॅक्टर विकायचं ठरलं. योग्य किंमत काढायला मी वहीत टायर, इंजिन, भंगाराचं वजन असं सगळं मांडलं. चाळीस वर्षं त्यांनी तो रोज फडक्यानं पुसला, ते कुठे मांडायचं हे सुचेना. रडूही येईना. मी आपला बेरीज करत बसलो, आणि तीही दोनदा चुकलो.

शेवटी बैलबाजारातले जुने दलाल तात्या गिऱ्हाइकाचा भाव घेऊन आले. ट्रॅक्टरशेजारीच त्यांनी सवयीनं माझ्या हातावर उपरणं टाकलं आणि आतून बोटं दाबली. बाजारात भाव असाच ठरतो. जनावरादेखत त्याची किंमत बोलवत नसेल कुणाला.

"कळलं का?"

मला ओ की ठो कळलं नव्हतं. तरी मी जाणत्यासारखी मान हलवली. "परत एकदा दाबा."

त्यांनी दाबली. मी पुन्हा तेच म्हणालो.

"लई चिवट हाईस गड्या, बापावर गेलास! चल, पाच हजार वाढवून देतो. आता तरी हो म्हण."

त्यांचा पंजा खरखरीत होता, ऊबदार होता. चार महिन्यांत पहिल्यांदाच मला काहीतरी जाणवत होतं.

मी हो म्हणालो. हात मात्र काढून घेतला नाही.