आठ नसलेली संख्या

हॉस्पिटलच्या कॉटवर बसून बाबा चादरीवर बोटाने आकडे लिहीत होते. एक ते नऊ, मधला आठ गाळून. ही त्यांची लाडकी संख्या, १२३४५६७९. नऊने गुणली की ओळभर १ येतात, अठराने गुणली की ओळभर २.

मेंदूच्या झटक्यानंतर त्यांना आई आठवते, दादा आठवतो, फक्त मी गळले आहे. डॉक्टर म्हणतात, असं होतं. एक आकडा गळल्यावर संख्या इतकी देखणी होते; घरातलं एक माणूस गळल्यावर काय होतं, हे मी कुणाला विचारत नाही.

लहानपणी मी रडकुंडीला येऊन विचारायचे, "पण आठ कुठे गेला?"

"बहात्तरने गुण, येईल." मग माझा गोंधळलेला चेहरा बघून ते हसायचे. "सेव्हंटी टू गं, इंग्लिश मीडियम!" मराठी आकडे मला कधीच पटकन कळले नाहीत.

आज मी मोबाइलवर ती संख्या मांडून त्यांच्यासमोर धरली. "बाबा, आठ कुठे गेला?"

त्यांचे डोळे चमकले. "बहात्तरने गुणा."

त्यांनी 'सेव्हंटी टू' म्हणावं म्हणून मी थांबले. जमेल तितकं थांबले. शेवटी मीच गुणाकार केला. स्क्रीनवर आठच आठ उमटले.

"आला की नाही?" ते खुशीत म्हणाले. मग अदबीने विचारलं, "तुम्ही कुणाकडच्या?"