राखेच्या बुधवारचा डबा

आता विजेच्या प्लाझ्मा भट्ट्या निघाल्यात म्हणे. कारखान्याचा कसलाही कचरा टाका, मागे काच उरते. आमच्या वेळी, ऐंशीच्या दशकात, विटांची भट्टी होती आणि मागे राख उरायची. वसई पूर्वेच्या एका रंगाच्या कारखान्यात ती भट्टी माझ्याकडे होती. रंगाचा गाळ, चिंध्या, सगळं जाळायचं आणि उरलेल्या राखेत चुना कालवून ती पिंपात बंद करायची. तिच्यातलं विष पाण्याबरोबर वाहू नये म्हणून चुना. ही युक्ती माझी, आणि तिचा मला भारी ताठा होता.

बाबांकडे गावच्या चर्चची किल्ली असायची. घंटा, मेणबत्त्या, आणि वर्षातून एकदा राख. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या झावळ्या लोक वर्षभर क्रुसामागे खोचून ठेवत आणि उपवासकाळाच्या तोंडावर परत आणून देत. बाबा त्या परसात घमेल्यात जाळत. बुधवारी फादर ती राख पवित्र पाण्यात कालवून सगळ्यांच्या कपाळावर क्रूस काढत. दरवर्षी तिच्यात काळी कुसळं राहायचीच. त्या वर्षी मी म्हटलं, "बाबा, घमेलं ठेवा बाजूला. माझ्या भट्टीत पावडरसारखी राख करून आणतो."

"राखेला कसली आलीय पावडर?" बाबा म्हणाले. पण पोराचं मन मोडवेना, म्हणून त्यांनी गठ्ठा दिला.

सोमवारी भट्टी झाडून घेतली आणि झावळ्या वेगळ्या ट्रेमध्ये जाळल्या. राख डब्यात भरून खिडकीत ठेव, असं भट्टीवरच्या कामगाराला सांगितलं. मंगळवारी संध्याकाळी खिडकीतला डबा सायकलला बांधला आणि घरी येऊन बाबांच्या हाती दिला. झाकण उघडून पाहिलं नाही. देवाच्या कामाची राख, तिला उगाच वारा कशाला लागू द्या, असा आमचा भक्तिभाव.

बुधवारी सकाळी सातला मी कामावर हजर. चर्चमधल्या संध्याकाळच्या मिस्साला, प्रार्थनेला जाऊ, असा विचार होता. तेवढ्यात तो कामगार कपाट उघडून म्हणाला, "साहेब, तुमची देवाची राख कोनी नेलीच नाय. हीतंच हाय."

"खिडकीत ठेव म्हटलं होतं ना?"

"खिडकीत धूळ उडते. देवाची राख तिथं कशी ठेवू? म्हून कपाटात ठेवली."

खिडकीतल्या तसल्याच डब्यात होता तो तपासणीसाठी काढलेला, चुना कालवलेल्या कारखान्याच्या राखेचा नमुना. चुना ओला झाला की कातडी भाजते, आणि सकाळची मिस्सा साडेसातची होती. रांगेत पहिली उभी राहतात ती लहान मुलं.

सायकल हाणली. रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी जाता जाईना. मी त्या गाडीला, भट्टीला आणि स्वतःला तोंडात येतील त्या शिव्या घातल्या. उपवासकाळाची सुरुवात अशी झाली.

पोचलो तेव्हा लोक चर्चमधून बाहेर पडत होते. सगळ्यांच्या कपाळावर क्रूस. एका लहान मुलीची हनुवटी धरून मी कपाळ न्याहाळायला लागलो, तर तिची आई माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघू लागली. कपाळ लाल नव्हतं. क्रूस काळा होता आणि त्यात कुसळं होती.

आतल्या खोलीत बाबा मेणबत्त्या आवरत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"पांढरी दिसली," ते म्हणाले. "झावळीची राख पांढरी कधी असते? म्हटलं, भट्टीतली आहे, असेल. पहाटे ओली करून मनगटाला लावली." त्यांनी बाही वर केली. मनगटावर रुपयाएवढा लाल चट्टा होता. "दरवर्षी आधी मीच लावून बघतो. लोकांची पोरं असतात रे. मग आपल्या आणि शेजाऱ्यांच्या क्रुसामागे उरलेल्या झावळ्या काढल्या आणि घमेलं पेटवलं."

मी तिथल्या बाकावर बसलो आणि चक्क रडलो. इतकं हलकं मला आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही. बाबांनी ओरडायला हवं होतं. त्यांनी मला पाणी आणून दिलं.

"आणि ती राख?" मी विचारलं.

बाबांनी कपाटाखालून डबा काढला. "टाकायला निघालो होतो. परसात केळी आहेत. विहिरीजवळ तर नाहीच नाही. चर्चमागे टाकावी, तर तिथे आपली माणसं झोपलीत. सगळीकडे फिरून परत आलो. तुझ्या राखेला गावात जागा नाही रे. तुझी तू घेऊन जा."

मी डबा सायकलच्या कॅरियरवर ठेवला. त्या भाजलेल्या हातानेच त्यांनी दोरी दोनदा आवळून बांधली आणि झाकण घट्ट आहे ना, ते दाबून पाहिलं.