रोज येता की तुमी

देवाने तुझ्यात ताकद पाहिली म्हणूनच हे काम तुझ्या हाती दिलं, असं त्या उन्हाळ्यात मला इतक्या जणांनी ऐकवलं की पुढे पुढे ते ऐकलं की माझं डोकंच सणकायचं. सांगणारे सगळे आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, चांगले, प्रेमळ लोक. उपासना सुटली की दारात गाठायचे, माझा हात हातात घ्यायचे, 'आम्ही रोज तुझं नाव घेतो हं प्रार्थनेत' म्हणायचे आणि घरी जेवायला जायचे. मी घरी येऊन चादरी धुवायचे. खरं सांगते, त्या दिवसांत मला प्रार्थनेचा नाही, पण प्रार्थना करणाऱ्यांचा फार राग यायचा. आणि ज्याच्याकडे ही प्रार्थना जात होती, त्याचाही.

नाताळानंतर सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. मी त्यांना आईच म्हणते. उजवं अंग गेलं, वाचा गेली, पण कळायचं सगळं. माझे यजमान चिंचोळीच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला. मी शाळेत दहावीला शिकवते. सकाळी ते आईंजवळ, दुपारनंतर मी. आमची भेट दारात व्हायची, मी चपला काढताना आणि ते घालताना. कामाला ठेवलेली बाई आठवडाभरात 'जमणार न्हाय' म्हणून गेली. आमच्या पेठेत नळाला पाणी येतं ते चार-पाच दिवसांनी, त्यामुळे ओल्या चादरींचा ढीग मोरीत तसाच पडायचा. वर मार्चचं ऊन, वर बोर्डाची परीक्षा. आईंना एकटीने कुशीवर वळवता वळवता माझी कंबर कामातून गेली.

पुण्याच्या दिरांनी तिकडचा एक वृद्धाश्रम ठरवला. सोमवारी गाडी येणार होती. मी 'हो' म्हटलं, यजमान चपला घालून पाळीला निघाले. आईंच्या उशाशी बसून मीच त्यांना हे सांगितलं. त्यांनी हळूच मान भिंतीकडे वळवली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. त्या भिंतीचासुद्धा मला राग आला.

उत्तम शुक्रवाराच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधीच्या उपवासाच्या दिवसांत आमच्याकडे रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना असते. आज या घरी, उद्या त्या. दोन गाणी, शास्त्रवाचन, प्रार्थना आणि मग चहा. यंदा आमचं घर वगळा, असं मी चर्चच्या पाळकसाहेबांना हात जोडून सांगितलं होतं. ते म्हणाले, "बाई, आईंनी सगळं आयुष्य घरोघर जाऊन गाणी म्हटली. त्यांचंच घर कसं वगळू? त्यांना बरं वाटेल." माझं काय, हे त्यांनी विचारलं नाही. ती गाडी यायच्या आधीचा शुक्रवार आमच्या घराला आला.

मंडळी दाराशी आली तेव्हाच आईंची चादर भिजली होती. बदलायला मी वाकले आणि कंबरेत अशी कळ आली की पलंगाचा दांडा धरून उभी राहिले. तोवर "सलाम, बाई" करत माणसं आत. खोली भरली, उरलेली जिन्यात बसली. पेटी वाजली, गाणं सुरू झालं. जन्मभर पांढरंशुभ्र इस्त्रीचं लुगडं नेसलेली माझी सासू सगळ्यांच्या मध्ये ओल्यात पडली होती, तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि शेजारची एक बाई मला कोपराने ढोसून म्हणाली, "बघ, आत्म्याने भरून आल्या."

मग पाळकसाहेबांनी लांबलचक प्रार्थना धरली. आमच्या भगिनीला तू जो धीर दिला आहेस त्याबद्दल, प्रभू, आम्ही तुझे आभार मानतो, असं ते म्हणाले आणि माझा बांध फुटला.

"कसला धीर?" मी ओरडले. अगदी ओरडलेच. "मला धीर नाही. मला काहीच झेपत नाही. तुम्ही सगळे डोळे मिटून बसलात, म्हणून तुम्हाला दिसत नाही. ही बाई ओल्यात पडलीय! देवाला सांगा, मला आभार नकोत, माणूस हवंय!"

 एकाने 'आमेन' म्हटलं, सवयीने. तेवढ्यात जिन्यातून कोणीतरी माणसांना बाजूला सारत वर आलं. पन्नाशीची, धिप्पाड, कपाळाला भस्म लावलेली बाई. शेजारच्या घरात लेकीच्या बाळंतपणासाठी अक्कलकोटकडून आली होती. तिला सगळे अक्का म्हणायचे, एवढंच मला माहीत. तोवर आम्ही एकमेकींशी धड बोललोही नव्हतो.

तिने आईंच्या अंगाखाली हात घातला आणि मागे वळून सगळ्यांवर कडाडली. "अय्यय्यो! येवढी माणसं बसलीत आन् म्हातारी ओली हाय! कुणाच्या नाकाला कळंना व्हय? गाणं लई ग्वाड म्हनता की! गडीमाणसं भाईर व्हा आदी." पाळकसाहेबांसकट पुरुष जिना उतरले. "तू बस खाली," मला म्हणाली. "ए ताई, तू पाणी आन. तू त्या बाजूनं धर." त्या ताई म्हणजे आमच्या पाळकीणबाई. त्या निमूट पदर खोचून उभ्या राहिल्या. दोघींनी आईंना पुसलं, लुगडं बदललं, केस विंचरले. अक्का सबंध वेळ कानडीत पुटपुटत होती. आशीर्वाद नव्हते ते, एवढं मला कानडी न येताही समजलं.

पुरुष परत वर आले तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी होती. "रोज येता की तुमी हितं गाणं म्हनायला, लेक सांगत हुती. मग रोज दोघी जणींनी म्हातारीचं करायचं, मग गाणं. उद्या कोन? हात वर करा."

तिचा समज झाला होता की आमची रोजची प्रार्थना म्हणजे याच घरी, या आजारी बाईसाठी. पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "त्याचं असं आहे, अक्का, आम्ही रोज वेगवेगळ्या..."

"हो," पाळकीणबाई मध्येच म्हणाल्या. त्यांची साडी ओली झाली होती आणि त्या नवऱ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. "रोज येतो. उद्या मी."

मग एक हात वर झाला, मग दुसरा. आईंनी मान वळवली आणि किती दिवसांनी माझ्याकडे पाहिलं. काम सुटल्यावर यजमान घरी आले, मी त्यांना सगळं सांगितलं, आणि त्यांनी तिथेच उभं राहून भावाला फोन केला की गाडी पाठवू नकोस.

सगळे आले असं मी म्हणणार नाही. आत्म्याने भरून आल्या म्हणणारी बाई पुन्हा फिरकली नाही आणि तिच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तो जावा म्हणून प्रार्थना करते, पण फार जोर लावत नाही. बाकीच्या येत राहिल्या. ईस्टरच्या पहाटे अक्का आईंजवळ बसली आणि मी कितीतरी दिवसांनी उपासनेला गेले. तिथे मी काही मागितलं नाही. नुसती रडले आणि आभार मानले. देवाला शरण जाणं म्हणजे तोंड शिवून सोसणं, असंच मला शिकवलं गेलं होतं. पण 'मला झेपत नाही' हे मी जेव्हा चारचौघांत कबूल केलं, तेव्हाच खरी त्याच्या हाती गेले, असं आता वाटतं. मी शांती मागत होते, त्याने माझ्याहून तापट बाई पाठवली.

नातवाचं बारसं उरकून अक्का गावी निघाली तेव्हा आईंचा निरोप घ्यायला आली. आईंनी डाव्या हाताने तिचा पदर धरून ठेवला. तो सोडवत अक्का मला म्हणाली, "तुमचा देव चांगला हाय बग. पर त्याला लई वरडून सांगावं लागतंय."

मी हसले. त्याने आधीच ऐकलं होतं, अक्का. ऐकू येत नव्हतं ते आम्हाला. पण हे तिला सांगायचं राहून गेलं, कारण तेवढ्यात त्या दिवशीच्या पाळीच्या दोघी जिना चढून आल्या होत्या आणि पाणी आल्याचं ओरडून सांगत होत्या.