आगळासाठी खास कप्पा

आधी पोटभर हसून घ्या, मग सांगते. कारण पहिल्यांदाच विमानात बसायला निघालेली ही बाई विमानतळावर आग लावून आली!

आमची प्राची हैदराबादला असते. सहावा महिना. फोनवर म्हणाली, "आई, माका दुसरा काय नको, तुझ्या हातचा आगळ तेवढा घेऊन ये. सोलकढी आठवली की तोंडाक पाणी सुटता!" आगळ म्हणजे रातांब्यांचा, कोकमाच्या फळांचा, खारवलेला दाट रस. लेकीचे डोहाळे, म्हणजे आगळ पोचायलाच हवं ना?

पण त्याआधी बॅग! मोठी घरात होतीच, पण जवळ बाळगायला मला एकच हवी होती. विमानात सीटखाली मावणारी आणि चारमिनार बघताना खांद्यावर सुखाने राहणारी. वेंगुर्ल्याच्या बाजारातली झाडून सगळी दुकानं पालथी घातली. शेवटी मिळाली. चष्म्याला कप्पा, पाकिटाला चोरकप्पा आणि बाजूला बाटलीचा घट्ट कप्पा. घरी येऊन तिच्यात पाच किलो उकडे तांदूळ भरले आणि बंदरापर्यंत चालून बघितलं. वाटेत आमची मासेवाली भेटली.

"बाई, खंय चाललास? घरातून भांडून इलास काय?"

निघायच्या दिवशी हे म्हणाले, "अगो, आगळाची बाटली मोठ्या बॅगेत घाल."

"तुमका काय कळता? मोठी बॅग आपटतत. फुटली म्हणजे?"

आणि बाटली गेली खास कप्प्यात! बसलीही अशी फिट, की मीच माझी पाठ थोपटली.

विमानतळावर आम्हा दोघांची मोठी बॅग काउंटरवर गेली. तपासणीला माझी लाडकी बॅग मशीनमधून बाहेर आली आणि साहेबांनी बाजूला घेतली.

"मांजी, इसमें क्या है?"

"आगळ है."

"आग?"

"आग नहीं हो, आगळ! बहुत जोर का है. जरासा डालो, बस, काम हो गया!"

साहेब दोन पावलं मागे सरकले. "किसने बनाया?"

"मैंने! घर में!" मी छाती काढून सांगितलं. नको तिथे कसला हा अभिमान?

आणखी दोघं आले. मागे उभ्या आमच्या यांनी तर कपाळालाच हात लावला. मग मीच म्हटलं, "पीके दिखाती!" आणि घेतला एक मोठा घोट.

नुसतं आगळ कधी प्यायलायत? डोळे मिटले, मान वाकडी, तोंडाचं पार बोळकं! साहेब ओरडले, "अरे, इनको कुछ हो रहा है!"

शेवटी एक बाईसाहेब आल्या, वास घेतला आणि हसायलाच लागल्या. "शरबत है. पर इतनी बडी बोतल अंदर नहीं जाएगी. यहीं छोडिए."

सोडायची? मे महिनाभर उन्हात बसून केलेलं, लेकीसाठी जपलेलं आगळ कचऱ्यात? मला रडूच आलं. आणि त्याच रागात उरलेली बाटली मी तिथल्या तिथे घटाघटा रिकामी केली.

हैदराबादला प्राची धावत आली. "आई, माझा आगळ?"

माझे दात इतके आंबले होते, की बोलवेना. नुसती लालभडक जीभ काढून दाखवली. मग यांनीच सगळं सांगितलं.

प्राचीने आधी माझ्या जिभेकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे.

"बाबा, डोहाळे नेमके कोणाक लागलेहत?"